उन्हाला स्केल नसतं

मित्रहो, मॉडेल रेल्वे म्हटलं की आपल्याला छपराखालची, टेबलावर मांडलेली गाडी आठवते. पुण्यातलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. आज मी ज्या गाडीबद्दल बोलणार आहे ती घराबाहेर, मातीवर, झाडाझुडपांतून धावते. जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेत घरामागच्या बागेत रूळ टाकण्याचा हा छंद चांगला रुजलेला आहे. 1968 साली न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने ‘एलजीबी’ नावाने 45 मिलिमीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेली, गाडी बाजारात आणली आणि ज्यांच्याकडे लेथ नाही, कारागिरी नाही, अशांनाही बागेत रेल्वे चालवता येऊ लागली. युरोपातल्या मीटरगेज गाड्यांची ही 1:22.5 प्रमाणातली प्रतिकृती.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. गाडी साडेबावीस पटींनी लहान केली, तरी ऊन, पाऊस आणि हवा लहान होत नाहीत. गंज पूर्ण आकारात चढतो. दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब त्या डब्याच्या हिशेबाने 45 मिलिमीटरचा असतो. मध्यम दमट हवेत उघड्या साध्या पोलादाचा पृष्ठभाग पहिल्या वर्षात साधारण 25 ते 50 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारांश, झिजतो. खऱ्या रेल्वेच्या 172 मिलिमीटर उंचीच्या रुळाला त्याचं काहीच वाटत नाही. पण 0.3 मिलिमीटर पत्र्याचा डबा दोन्ही बाजूंनी गंजू लागला, तर थोड्याच वर्षांत आरपार भोक पडतं. रुळाखालच्या आडव्या लाकडी स्लीपरचंही तेच. खरा स्लीपर पंचवीस सेंटिमीटर रुंद, त्याच्या गाभ्यापर्यंत बुरशी पोचायला वर्षं लागतात. मॉडेलमधला जेमतेम एक सेंटिमीटरचा. त्याला गाभा असा उरतच नाही.

हा रुळाचा तुकडा जरा हातात घ्या. पितळेचा आहे, बरीच वर्षं बाहेर होता. वरची कड, जिथून चाक जातं, ती पिवळीधमक आहे. खाली दोन्ही अंगांना गर्द तपकिरी, आणि अगदी तळाशी, जिथे रूळ स्लीपरच्या खाचेत बसतो आणि पाणी साचून राहतं, तिथे हिरवट कड दिसेल. देवघरातली समई महिनाभर घासली नाही तर जशी काळवंडते, तसाच हा प्रकार. डोळ्यांना हा तपकिरी रंग छानच दिसतो. खऱ्या रुळाच्या रंगाजवळ जातो आणि तो मुद्दाम रंगवावा लागत नाही. अडचण आहे ती विजेची. इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते, आणि हा तपकिरी थर म्हणजे ऑक्साईड, ते वीज नीट वाहू देत नाही. वरची कड घासून साफ करता येते, सांध्यांच्या आतली नाही.

हिशेब करून बघा. एलजीबीचा सरळ रूळ 30 सेंटिमीटरचा. वीज एका टोकाला जोडली आणि गाडी 15 मीटर लांब गेली, तर दोन्ही रुळांचे मिळून शंभर सांधे मध्ये येतात. प्रत्येक सांध्याने पाच शतांश ओहम रोध केला आणि इंजिनाने एक अँपिअर प्रवाह ओढला, तर वाटेतच पाच व्होल्ट खर्ची पडले. गाडीला दिलेल्या अठरा व्होल्टांतले पाच! लांबच्या वळणावर गाडी रेंगाळते आणि मालक इंजिन उघडून बसतो. मोटार बिचारी ठणठणीत असते. म्हणून जाणकार मंडळी पत्र्याच्या जोडपट्टीवर विसंबत नाहीत. ते स्क्रूने आवळायच्या पितळी क्लॅम्प वापरतात, आत वीजवाहक ग्रीस भरतात आणि दूरच्या टोकालाही जाड तारेने वीज पोचवतात. रूळ घासताना लोखंडी काथ्या मात्र अजिबात वापरू नका. त्याचे बारीक तंतू मोटारीच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

पितळेला पर्याय आहेत. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साईडचा न दिसणारा पातळ थर येतो आणि तोच त्याला राखतो. घासणं कमी होतं, पण वाकवायला कठीण आणि किंमत जास्त. ॲल्युमिनियम स्वस्त, मात्र त्याचं ऑक्साईड विद्युतरोधक, शिवाय पितळी जोडपट्टी लावून ओलं राहिलं की ॲल्युमिनियमच आधी खाल्लं जातं. बॅटरीवर किंवा वाफेवर गाडी चालवणाऱ्यांना ते चालतं.

उष्णतेचं गणित वेगळं आहे. दहा मीटर पितळी रूळ पन्नास अंशांनी तापला की साधारण साडेनऊ मिलिमीटर वाढतो. लांबीच्या प्रमाणात ही वाढ खऱ्या पोलादी रुळाच्या दीडपटीहून थोडी जास्त. पण मोठा फरक पडतो वजनामुळे. लांबी साडेबावीस पटींनी घटली, तर वजन अकरा हजार पटींहून अधिक घटतं. खऱ्या मार्गाला काँक्रीटचे जड स्लीपर आणि खडी जागच्या जागी दाबून धरतात, बागेतल्या मार्गाला दाबणारं कोणी नाही. डिसेंबरच्या पहाटे दोन्ही टोकं स्क्रूने पक्की केलेला रूळ एप्रिलच्या दुपारी बाजूला फुगणारच. प्लास्टिकचे स्लीपर तर पितळेच्या चार-पाच पट वाढतात. त्यामुळे रूळ खाचेत सरकता हवा आणि सांध्यात फट हवी.

आता हा डबा. हातोहात फिरवा, पण पायऱ्यांना धरू नका, तुटतील. छतावरून बोट फिरवा, बोटाला पांढरट भुकटी लागेल. एका बाजूला लाल रंग उडून गुलाबी झालाय, तीच बाजू दक्षिणेकडे होती. नावाची पट्टी होती तिथला चौकोन बघा: मूळचा लाल तिथे जसाच्या तसा आहे.

हे काम अतिनील किरणांचं. एबीएस नावाचं प्लास्टिक खेळण्यांत सर्रास वापरतात. त्याला चिवटपणा येतो तो ब्युटाडाईनच्या रबरामुळे, आणि नेमक्या त्याच रबरातल्या दुहेरी बंधांवर किरण आणि ऑक्सिजन मिळून हल्ला करतात. बिघडते ती फक्त वरची कातडी, मिलिमीटरच्या दशांशाहूनही पातळ. पण कडक झालेल्या कातडीला चीर पडली की ती चीर आतल्या चांगल्या प्लास्टिकमध्येही धावत जाते. भिंत तग धरते, पायऱ्या आणि कठडे मोडतात. ब्युटाडाईनच्या जागी ॲक्रिलेट रबर घातलेलं एएसए प्लास्टिक बाहेर कितीतरी जास्त टिकतं, म्हणून बागेसाठी घेताना कशाचं बनवलंय हे विचारून घ्या. स्लीपर काळे-तपकिरी असतात त्यालाही कारण आहे. काजळी अतिनील किरण शोषून घेते. पाण्याचे एचडीपीई पाइप काळे असतात ते याच काजळीमुळे, तिचं प्रमाण दोन-अडीच टक्के असतं. रंगांमध्येही भेद आहे. लोह ऑक्साईडचा विटकरी आणि थॅलोसायनिनचा निळा दमदार, काही सेंद्रिय लाल रंग अगदी लेचेपेचे.

जस्ताच्या ओतीव भागांना तडे जातात, ते फुगून भुगा होतात, ते मात्र उन्हाचं पाप नाही. जस्तात शिशाची भेसळ राहिली की दमट हवेत ते कणाकणांच्या सांध्यांतून आतून कुजतं. 99.99 टक्के शुद्ध जस्ताच्या मिश्रधातूंनी हा प्रश्न बराच सुटला. जुनी इंजिनं विकत घेताना तेवढं तपासा.

मॉडेल करणारे लोक नव्या डब्यावर ब्रशने गंज, धूळ, काजळी रंगवतात. त्या कलेबद्दल मला आदर आहे, आणि खऱ्या उन्हाला ती जमत नाही असं माझं ठाम मत आहे. खऱ्या डब्यावर गंज रिव्हेटखालून ओघळतो, चाकांजवळ ब्रेकची धूळ बसते. बागेतल्या प्लास्टिकच्या डब्यावर ऊन सगळीकडे एकसारखा फिका हात फिरवतं. त्याला रेल्वे ठाऊक नाही. म्हणून रूळ आणि खडी निसर्गाच्या हाती सोपवावी, डबे नाही. रुळाचा तपकिरी, खडीत उगवलेलं शेवाळ, यांच्याइतकं सुंदर कोणाला रंगवता येणार नाही.

आपल्याकडे हे जमेल का, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. जर्मनीतली मोठी डोकेदुखी आपल्याला नाही: तिथे जमिनीतलं पाणी गोठून नऊ टक्के फुगतं आणि रूळ वर उचलले जातात. आपल्याकडे मात्र ऊन दुप्पट दमाचं. न्यूरेंबर्ग 49 अक्षांशावर, पुणे साडेअठरावर, आणि सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. शिवाय चार महिने पाऊस. आणि पावसापुढे खरी रेल्वेही हतबल होते: 2005 च्या जुलैत नेरळ–माथेरान मार्ग वाहून गेला, तो 2007 मध्ये पुन्हा सुरू झाला.

माथेरानचं नाव मी मुद्दाम घेतलं. 1907 साली सुरू झालेला तो मार्ग दोन फूट गेजचा. इंग्लंडमध्ये बागेतल्या नॅरोगेजचं लोकप्रिय प्रमाण म्हणजे फुटाला 16 मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांचे 32. तिथे मिळणारा 32 मिलिमीटरचा रूळ माथेरानच्या गाडीला तंतोतंत बसतो. कोणाला ती गाडी आपल्या अंगणात करायची असेल तर माझा सल्ला असा: वीज रुळांतून नेऊ नका, बॅटरी इंजिनात ठेवा. काळवंडलेले सांधे मग गाडी थांबवणार नाहीत. रूळ मातीवर थेट टाकू नका, खाली चर खणून कोनदार खडी भरा. गोल गोटे सरकतात, कोनदार खडी एकमेकींत अडकते आणि पाणीही निचरून जातं. डब्यांवर अतिनीलरोधक मॅट क्लिअर कोट मारा आणि खेळ संपला की ते घरात न्या. रूळ बाहेरच राहू द्या, पावसातसुद्धा. सप्टेंबरअखेर वरची पानं झाडा, खचलेल्या जागी खडी भरून लेव्हल बघा, आणि पहिली फेरी रिकाम्या डब्याला हाताने ढकलत काढा. कुठे रूळ सरकलाय ते हाताला लगेच कळतं.