पहाटे चारचा लाल उजेड

नमस्कार मंडळी. आज भुताच्या जहाजांबद्दल बोलू. त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे 'फ्लाइंग डचमन', गोष्ट ऐकलेलीच असेल तुम्ही, केप ऑफ गुड होपला वादळ, आणि हा हट्टी डच कॅप्टन म्हणतो प्रलय आला तरी वळसा घालणारच, झालं, तेव्हापासून फिरतोय, बंदर काही लागत नाही. हे जहाज दिसलं की वाईट घडणार असं खलाशी मानायचे. दिसलं की वाईट घडणार, एवढं ध्यानात ठेवा.

आता माझा लाडका किस्सा. ११ जुलै १८८१, पहाटेचे ४. ब्रिटिश आरमाराचं 'इन्कॉन्स्टंट' जहाज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळून चाललंय, वर दोन राजपुत्र, त्यातला धाकटा १६ वर्षांचा जॉर्ज, म्हणजे पुढचा राजा पाचवा जॉर्ज. रात्र स्वच्छ, समुद्र शांत. नाळेवरचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरचा, खलाशी ओरडला, डावीकडे जहाज! लाल उजेडात पेटल्यासारखं, डोलकाठ्या, शिडं सगळं स्पष्ट, आणि अंतर फक्त २०० यार्ड. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यालाही दिसलं. एका पोराला पुढे पिटाळलं, तो नाळेवर पोचतो तर काय, काहीच नाही, क्षितिजापर्यंत नुसतं पाणी. एकूण १३ जणांनी पाहिलं, बरं, सोबतच्या दोन जहाजांनीही दिव्याने खुणा करून विचारलं, तो लाल उजेड तुम्हाला दिसला का?

आणि पावणेअकराला तोच खलाशी, ज्याने पहिल्यांदा हाक दिली तोच, डोलकाठीवरून खाली पडला आणि जागीच गेला.

हे सगळं राजपुत्रांच्या डायऱ्यांतलं, त्या १८८६ मध्ये त्यांच्या शिक्षकाने छापल्या, स्वतःची भर घालून. त्यामुळे यातलं पोरांचं किती आणि मास्तरांचं किती, देव जाणे. मास्तर लोकांना पोरांचं लिखाण जसंच्या तसं ठेवायला जड का जातं हे मला कधीच कळलं नाही, पण असो.

शास्त्र म्हणाल तर थोडक्यात: पाण्यालगत गार हवा, वर उबदार हवा, मग प्रकाश वाकतो आणि क्षितिजापलीकडचं जहाज हवेत तरंगताना दिसतं. याला फाता मोर्गाना म्हणतात. दिवसाढवळ्या लांबवर दिसलेल्या जहाजांना हे लागू पडतं, पण पहाटेच्या अंधारात, २०० यार्डांवर? मला नाही पटत बुवा.

हा किस्सा सांगताना राजाचं नाव सगळे घेतात, त्या खलाशाचं कुणीच नाही. जहाजावरच्या उमद्या पोरांपैकी एक होता म्हणे. दुपारी सव्वाचारला जहाज थांबवलं आणि त्याला तिथंच समुद्रात सोडलं.