खांद्याची शिवण आणि महिन्याचं बजेट

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)

नमस्कार मंडळी. मी शिवणक्लास चालवते. त्यामुळे कपड्यांच्या स्टाईलवर बोलायला मला बोलावलंय हे कळल्यावर घरचेच आधी हसले. आमच्या क्लासमध्ये बाह्या चढवणं, गळे फिरवणं, काज-बटण चालतं. फॅशन म्हणजे कॉलेज रोडची गोष्ट! पण आयोजकांनी विषय नीट समजावून सांगितला. हातात पगार बेताचा, त्यात घरभाडं, गाडीचं पेट्रोल, मुलांची फी. आणि तरी रोज सकाळी कंपनीत, ऑफिसात, कॉलेजात चारचौघांत शोभेल असं जायचं, ते कसं? म्हटलं, यावर मला बोलता येईल.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पटलं नाही तर चहाच्या वेळी भांडता येईल. आपण कपड्यांवर जो पैसा घालतो, तो जवळजवळ सगळा दुकानात जातो. शिंप्याकडे जातो तो नावापुरता. हे जरा फिरवून बघा. सातशेचा शर्ट घेऊन त्यावर शंभर रुपये दुरुस्तीला दिले, तर तो दोन हजारांच्या शर्टाला भारी पडतो. अट एकच, शर्ट निवडताना काय बघायचं ते माहीत हवं.

पुढे बसलेल्या या मुलाला मी मघाशीच विचारून ठेवलंय. ये रे, असा प्रकाशात उभा राहा. बघा, कापड चांगलं आहे, रंगही याला खुलतोय. आता खांद्याकडे बघा. बाही जिथे जोडलीय ती शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. इथे ती दोन बोटं खाली, दंडावर उतरलीय. मुलगा चांगला धट्टाकट्टा, पण थोरल्या भावाचा शर्ट घालून आल्यासारखा दिसतो. वळ जरा. पाठीत कमरेपाशी कापडाचा कसा बोंगा झालाय बघा. कफाचं बटण लावूनही कफ तळव्यावर घसरतोय. बस आता, आभारी आहे. हसू नका हो त्याला; या सभागृहातले निम्मे पुरुष याच मापात बसलेत, मी दारातून येतानाच बघितलंय.

यातली कंबर आत घेणं, बाहीची लांबी कमी करणं, पँटची उंची, कुर्त्याच्या बाजू, ही कामं कोपऱ्यावरचा कुठलाही टेलर पन्नास-शंभर रुपयांत करून देतो. खांद्याचं तसं नसतं. खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही पूर्ण उसवायची, मुंढा, म्हणजे बाही जिथे बसते तो गोल काप, नव्याने बेतायचा, मग बाही परत चढवायची. चांगला कारागीर हे करतो, पण त्याचे पैसे घेतो, आणि घ्यायलाच हवेत. म्हणून रेडीमेड घेताना आरशात पहिली नजर खांद्यावर. खांदा बसला की बाकीचं शिंपी बघून घेईल.

दुसरी नजर आतल्या बाजूला. कपडा उलटा करा आणि शिवणीत माया, म्हणजे आतलं जादा कापड, किती सोडलीय ते बघा. स्वस्तातल्या कपड्यात बहुतेकदा काठावरच ओव्हरलॉक मारलेलं असतं, आत बोटभरसुद्धा कापड नसतं. असा कपडा आत घेता येतो, सैल करता येत नाही. वाढत्या वयाच्या मुलींचे ड्रेस घेताना तर हे बघाच. आणि ज्यांचं पोट पुढे आहे त्यांनी पोटाला बसेल असा शर्ट शोधूच नये, कारण तो खांद्यावरून लोंबणार. त्यांनी शिवून घ्यावा. छत्तीस इंच पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर, अठ्ठावन्न इंच पन्हा असेल तर साधारण १.६० मीटर कापडात पूर्ण बाहीचा शर्ट होतो. शिलाई धरूनही ब्रँडेड शर्टापेक्षा तो महाग पडत नाही.

आता कुणी म्हणेल, कपड्यांवर एवढं काय बोलायचं? साधी राहणी, उच्च विचारसरणी! मला ते वाक्य आवडतं, पण ते म्हणणाऱ्याला निवड असते हे लक्षात ठेवावं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी बोलले, तेव्हा लुगडं कसं नेसायचं आणि कुठले दागिने अंगावरून उतरवायचे, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. कारण नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि अंगावरच्या दागिन्यांवरून माणसाची जात ओळखली जायची. पुढे मार्च १९३० मध्ये आपल्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात स्त्रियाही उतरल्या होत्या. ती लढाई फार मोठी होती, तिला मी कपड्यांपर्यंत आणून ठेवत नाही. माझं म्हणणं इतकंच, की आज काय घालू याचा विचार करणाऱ्या पोरीला लगेच नट्टापट्टा करणारी म्हणून मोकळं होऊ नका.

बरं, घ्यायचं कुठे? नाशिककरांना मी काय सांगणार! शालिमारच्या बाजारात घासाघीस करता येते, पण तिथे घालून बघायची सोय नसते. म्हणून घरचा अंगात नीट बसणारा एक कुर्ता पिशवीत टाकून न्या आणि दुकानातला त्याच्यावर अंथरून खांद्याला खांदा लावून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या. मेन रोडला आणि कापड पेठेत कापड घ्यायला जावं, तिथे हात लावून पोत बघता येतो. थंडीचं जाकीट, स्वेटर यासाठी शरणपूर रोडचं तिबेटियन मार्केट आहेच. मॉलला माझा विरोध नाही, तिथल्या ट्रायल रूमचा आरसा चांगला असतो.

किमतीचं एक गणित मात्र नवं झालंय. पूर्वी ९९९ चे टॅग इतके का दिसायचे? नव्याण्णवचा मोह होताच, पण त्यामागे करही होता. हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला पाच टक्के जीएसटी आणि त्यावरच्याला बारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही रेघ अडीच हजारांवर गेली. तिथपर्यंत पाच टक्के, त्याच्या वर अठरा. म्हणजे हजार ते अडीच हजार या पट्ट्यात कर कमी झाला, आणि ऑफिसची बरी पँट, जरा टिकाऊ कुर्ता, नोकरदाराचं जाकीट नेमकं याच पट्ट्यात येतं. उलट ३,००० चा टॅग दिसला तर थांबून विचार करा, त्यात अठरा टक्क्यांचा वाटा आहे.

कापडाकडे येते, कारण माझा जीव तिथे रमतो. ‘प्युअर कॉटन आहे ताई’ हे वाक्य आपण रोज ऐकतो. आतल्या शिवणीतून एक दोरा ओढा, घरी आणून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, मागे मऊ राखाडी राख उरते, फुंकर मारली की उडते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला टणक मणी होतो. मिश्रण असेल तर थोडं हे, थोडं ते. मात्र ही परीक्षा रेयॉनला पकडत नाही, कारण तो कागदासारखाच झाडाच्या लगद्यातून होतो आणि तसाच जळतो. आणि आज बाजारात तीनशे-चारशेचे छापील कुर्ते दिसतात, त्यांतले कितीतरी रेयॉनचेच असतात. अंगावर छान पडतात, थंड लागतात, मला आवडतात. पण रेयॉन ओला झाला की त्याचा जोर निम्म्याच्या आसपास येतो. तो पिळायचा नाही, ब्रशने घासायचा नाही. आपण काय करतो? बादलीतून काढून दोन्ही हातांनी पीळ देतो आणि चार धुण्यांत कुर्ता मुंढ्यात उसवला म्हणून दुकानदाराला शिव्या घालतो. शिवाय रेयॉन आणि सुती दोन्ही आटतात. शिवायला टाकायच्या आधी कापड एकदा भिजवून वाळवून घ्या. टेलर सांगत नाही, कारण त्याला घाई असते.

आणि ते मिठाचं पाणी! नवा ड्रेस मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो, हे माझ्या आजेसासूबाईही सांगायच्या. कापड रंगवताना काही रंगांच्या द्रावात मीठ घालतात, म्हणजे रंग धाग्यात चांगला शिरतो, तेवढं खरं. पण रंगवून झालेल्या, विकायला आलेल्या कपड्याचा कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. वेगळा धुवा, उलटा करून सावलीत वाळत घाला, त्याचा जास्त उपयोग.

नाशिकची हवा लक्षात घेऊन कपडे घेतले तरी पुष्कळ पैसे वाचतात. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि आपल्याच जिल्ह्यात निफाडला डिसेंबर-जानेवारीत हुडहुडी भरते. पावसाळ्यात जाड जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही, ओलसरच घातली की दमट वास येतो. म्हणून जून ते सप्टेंबर पातळ, पटकन वाळणाऱ्या मिश्र कापडाच्या दोन पँट ठेवा. इथे मी पॉलिस्टरच्या बाजूने आहे, शुद्ध सुतीचा हट्ट धरणाऱ्यांनी रागवू नये. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दुचाकीवर जाणाऱ्यांना हे कळेल.

आता स्टाईलचं. माझ्या क्लासमधल्या मुलींना मी एकच काम देते. कपाट उघडा आणि खालचे कपडे, म्हणजे पँट, सलवार, लेगिंग, जीन्स, बाहेर काढा. त्यांचे रंग दोन-तीनच ठेवा. काळा किंवा नेव्ही, एक बिस्किटी, एक राखाडी. वरचे कुर्ते, टॉप, शर्ट कितीही रंगांचे असू देत, ते सगळे या तिघांवर चालले पाहिजेत. जो चालत नाही तो घ्यायचाच नाही, कितीही सेल असो. गुलाबी कुर्त्यासाठी गुलाबी लेगिंग, त्याच्यासाठी गुलाबी ओढणी असं सुरू झालं की महिन्याचं बजेट तिथेच संपतं. मॅचिंगचं वेड आपल्याकडे ब्लाउजपासून आलंय आणि ते साडीवर शोभतंच, पण रोजच्या ऑफिसच्या कपड्यांना त्याची गरज नाही.

‘तेच तेच घातलं’ म्हणून मुली रडकुंडीला येतात. कालचा फोटो स्टेटसला गेला, आता तो ड्रेस बाद! अहो, ज्यांची राहणी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते त्यांनी तेच तेच घातलं म्हणूनच ती उभी राहते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाल्यावर आपल्या नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले. पांढरं धोतर, कुर्ता, जाकीट, टोपी. आज साहेबांनी काय नवीन घातलंय, असं कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. पण कापड स्वच्छ, घडी नीट. तुमचा एखादा निळा कुर्ता लोकांच्या लक्षात राहत असेल तर तो आठवड्यातून दोनदा घाला. कुणाची हरकत असेल तर त्यांनी दुसरा घेऊन द्यावा.

लग्नसराईचं थोडक्यात सांगते, नाहीतर त्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल. येवला आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा पैठणी हवी हे ठरलेलंच. हातमागाची खरी पैठणी आठ-दहा हजारांच्या खाली मागू नये, विणणाऱ्याचे दिवस त्यात गेलेले असतात. पदर उलटा करून बघा. हातमागावर विणलेला मोर मागूनही तसाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागावरच्या पदराला मागे कापलेले किंवा लोंबणारे धागे असतात. यंत्रमागाची सेमी पैठणी म्हणून सांगून विकली तर त्यात गैर काही नाही, दोन हजारांत हौस होते. खरी म्हणून आठ हजारांना गळ्यात मारली तर गैर. आणि आईची, सासूबाईंची पैठणी घडीवर विरत पडली असेल तर नवी घेण्याआधी तिलाच फॉल-पिको करून, नवा ब्लाउज शिवून बाहेर काढा. घडीही दर काही महिन्यांनी बदला, नाहीतर जरीचा धागा मोडतो आणि त्याच रेषेवर साडी चिरते.

वेळ झाली, पण एका ताईंची चिठ्ठी आलीय ती घेते. ‘मुलीचा पुण्याला इंटरव्ह्यू आहे, हातात दोन हजार आहेत, काय घेऊ?’ ताई, आधी घरात काळी किंवा नेव्ही सरळ पँट आहे का बघा. असेल तर हजार-बाराशेत फिक्या रंगाचा, एकरंगी, सुती-मिश्र कुर्ता किंवा शर्ट घ्या, खांदा बघून. शंभर रुपये टेलरला. उरलेल्यात बंद चप्पल किंवा साधे बूट. पँट नसेल तर शालिमारला मिळेल, फक्त उंची घोट्यावर करून घ्या. आदल्या दिवशी सगळं घालून तिला खुर्चीत बसवा, कारण उभ्याने नीट दिसणारा कपडा बसल्यावर छातीवर ताणतो आणि बटणांमध्ये फट पडते. फट पडली तर आतून एक टिचबटण लावून द्या. आणि इंटरव्ह्यूचे कपडे घालून बसने पाठवू नका. पाच तासांत इस्त्री मोडते. हँगरसकट पिशवीत द्या, पुण्यात नातेवाइकांकडे उतरून तिथे बदलू देत.