लक्ष आणि पाळत

संगणक कक्षात शिक्षकाचे कान डोळ्यांच्या आधी कामाला लागतात. तुम्ही दाराशी आलात की कुठल्या तरी कोपऱ्यातून दोन कळा घाईनं दाबल्याचा आवाज येतो. ऑल्ट आणि टॅब. खेळ गेला, तक्ता आला. चेहरा मात्र तेवढ्या वेगानं बदलत नाही.

म्हणून सॉफ्टवेअरविषयी बोलण्याआधी टेबलांविषयी बोलतो. वर्गासारख्या रांगा लावल्या तर फळ्याजवळ उभ्या शिक्षकाला फक्त मॉनिटरच्या पाठी दिसतात. टेबलं तीन भिंतींना लावा, मुलांची तोंडं भिंतीकडे करा. मध्ये उभं राहिलं की सगळे पडदे एका नजरेत येतात. खर्च एका दुपारच्या ओढाताणीचा. तरी शाळा आधी फिल्टर, म्हणजे नको त्या साइट्स अडवणारं सॉफ्टवेअर, विकत घेतात.

आता हा फिल्टर काय पाहतो? आज बहुतेक साइट्स एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे साइट आणि ब्राउझर यांच्यातला मजकूर सांकेतिक रूपात जातो. त्यामुळे साध्या फिल्टरला साइटचं नाव कळतं, आत कोणतं पान उघडलंय ते कळत नाही. म्हणजे अख्खी व्हिडिओची साइट बंद करा नाहीतर अख्खी उघडी ठेवा. शब्द पाहून अडवणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. १९९६ साली एओएल या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीनं इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नाही, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक अश्लील शब्द सापडला होता! शरीरशास्त्राचा धडा शोधणारं मूल आजही असंच अडकतं. आणि ज्याला गप्पाच मारायच्या आहेत तो काय करतो? चौघांत एक सामायिक डॉक्युमेंट उघडतो आणि त्यातच लिहीत बसतो. फिल्टरच्या लेखी चौघं मिळून प्रकल्प करतायत.

मग येतं पडदे दाखवणारं सॉफ्टवेअर. व्हेयॉनसारखं फुकट आणि मुक्त स्रोताचंही आहे. सगळ्यांचे पडदे शिक्षकाच्या पडद्यावर, हवं तेव्हा कुलूप. उपयोगी आहे, मी वापरतो. पण त्यानं शिक्षक खुर्चीला चिकटतो. अडलेलं मूल आणि उनाडक्या करणारं मूल छोट्या चौकटीत सारखंच दिसतं. जवळ गेल्यावर फरक कळतो.

इथून पुढे पाऊल घसरतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन या शालेय जिल्ह्यानं (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेनं) सुमारे २,३०० विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते. हरवलेला लॅपटॉप शोधता यावा म्हणून त्यात एक सोय होती: ती चालू केली की दर पंधरा मिनिटांनी कॅमेरा फोटो काढायचा. मुलांना वा पालकांना हे सांगितलेलं नव्हतं. एका विद्यार्थ्याला घरातल्या वागण्याबद्दल शाळेत जाब विचारला गेला, तेव्हा बिंग फुटलं. फोटोतल्या ज्या गोळ्यांवरून अमली पदार्थांचा संशय घेतला, त्या खाऊच्या होत्या असं त्याचं म्हणणं. २०१० मध्ये खटला झाला आणि जिल्ह्यानं ६,१०,००० डॉलर देऊन तडजोड केली. हेतू चोर पकडण्याचाच होता, हे मी मानायला तयार आहे. पण सांगून ठेवलं ते लक्ष, आणि न सांगता ठेवली ती पाळत. मुलांना हा फरक आपल्याआधी कळतो. गंमत म्हणजे, इंटरनेटसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांना फिल्टर सक्तीचा करणारा त्याच देशाचा २००० सालचा कायदाही स्पष्ट म्हणतो की ओळख पटेल असा कोणा व्यक्तीचा माग ठेवणं त्यात अपेक्षित नाही.

माझी पद्धत सांगतो. वर्षाच्या पहिल्या तासाला मी मुलांसमोर ब्राउझरची इन्कॉग्निटो, म्हणजे पाहिलेल्या साइट्सची यादी न ठेवणारी, खिडकी उघडतो, दोन-तीन साइट्स पाहतो, खिडकी बंद करतो. मग शाळेच्या नेटवर्कची नोंद भिंतीवर दाखवतो. त्यात सगळ्या साइट्सची नावं वेळेसकट हजर! ब्राउझर विसरला, नेटवर्क विसरलं नाही. वर्ग एकदम गप्प होतो. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, हे वाचतं कोण?”

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. मुख्याध्यापकांनाही ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोन नावं आणि नोंदी पुसायची मुदत कागदावर लिहून दाराला चिकटवली.