ड्युटी संपते, वॉर्ड संपत नाही

नमस्कार श्रोतेहो. तुमच्या घरात कुणी नर्स, डॉक्टर, आशाताई किंवा १०८ अँब्युलन्सवर काम करणारं असेल, तर आजचं बोलणं त्यांच्यापेक्षा तुमच्यासाठी आहे. कारण दुसऱ्यांची दुःखं रोज बघून-ऐकून या माणसांच्या मनात जो बदल होतो, तो बहुतेक वेळा आधी घरच्यांना जाणवतो.

जळीत वॉर्डातली एखादी सिस्टर डोळ्यांसमोर आणा. भाजलेली बाई दिवसा सगळ्यांना सांगते, स्टोव्हचा भडका उडाला. सासू उशाशीच उभी असते. रात्री वॉर्ड शांत झाला की तीच बाई सिस्टरचा हात धरून खरं काय ते सांगते: रॉकेल कुणी ओतलं, तेव्हा मूल कुठं उभं होतं. सिस्टर डॉक्टरांना कळवते, जबाब पुन्हा घेण्याची व्यवस्था होते. सकाळी ती हँडओव्हर देते: बेड चार, साठ टक्के, लघवी कमी. जे ऐकलं, ते मात्र कुणाच्या हवाली करता येत नाही.

मग काही महिन्यांनी घरात काय दिसतं? निजण्याआधी ती तीनतीनदा उठून सिलिंडरचा रेग्युलेटर बघते. लेकीनं नायलॉनचा ड्रेस घातला की उगाच खेकसते. रविवारचं मटण तिला नकोसं होतं. लेकीला चांगलं स्थळ आलं, तरी म्हणते, 'माणसं कशी असतात, मला विचारा.'

१९९० साली अमेरिकेतल्या मॅककॅन आणि पर्लमन या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी या अवस्थेवर लिहिलं. आपण तिला परोक्ष आघात म्हणू. घाव दुसऱ्याचा, पण तो रोज ऐकणाऱ्याचा जगावरचा विश्वास हलतो. नुसता थकवा असेल तर चार दिवस माहेरी काढले की उतरतो. हे माहेरीही सोबत येतं. काहींच्या बाबतीत उलटंच होतं. माणूस कोरडा पडतो, 'पेशंट नाटकं करतात' म्हणू लागतो. तो निर्दयी झाला, असा शिक्का आपण लगेच मारतो, तो मारू नये.

'होईल सवय,' असं सीनियर मंडळी नवीन मुलींना सांगतात. मला हे वाक्य मुळीच पटत नाही. सवय झाली असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा आत साठत असतं. जळीत किंवा कॅज्युअल्टीची पोस्टिंग आलटूनपालटून द्यावी, वॉर्डात मृत्यू झाला की स्टाफला दहा मिनिटं एकत्र बसू द्यावं. यात खर्च तो कितीसा?

घरच्यांनी 'एवढं मनावर घेऊ नकोस' म्हणू नये, की 'सोड ती नोकरी' असंही नाही. पेशंटचं नाव-गाव न विचारता 'आज जड गेलं का?' एवढंच विचारा आणि ती बोलेल तेवढं ऐका. झोप उडाली असेल, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा दिसत असतील, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्या असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत, तरी चालेल.