सांचीचा स्तूप, दीक्षाभूमीचा स्तूप

[दृश्य: वर्गातल्या पडद्यावर सांची]

सांचीचा महास्तूप. गाभा विटांचा, मौर्यकाळातला. पुढे त्यावर दगडाचं आवरण चढलं, मग चार तोरणं उभी राहिली. अमेरिकेतल्या शाळांमध्ये प्रगत कलेतिहास घेणारी मुलं 250 कलाकृती अभ्यासतात, त्यांत हा स्तूप आहे. त्यांना तो फोटोतच भेटतो. नागपूरच्या मुलांना मात्र त्याच्याच घराण्यातला स्तूप सिटी बसने गाठता येतो.

[दृश्य: दीक्षाभूमी, सकाळ]

14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, ती या भूमीवर. हा स्तूप 2001 मध्ये लोकार्पित झाला. वर्गातली कितीतरी मुलं लहानपणी आजीचं बोट धरून इथे आलेली आहेत.

दोन्ही स्तूपांत सारखं काय, हे कुणीही सांगेल: अर्धगोल, तोरणं. अकरावी-बारावीच्या मुलांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे. आत जाता येतं का?

सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याला ‘आत’ नाहीच; माणूस बाहेरून प्रदक्षिणा घालतो. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे. दारातून आत गेलं की मोठं गोल दालन, मधोमध बाबासाहेबांचा अस्थिकलश. आकार तोच ठेवून आतली जागा माणसांसाठी मोकळी का केली असेल? इथे शिक्षिकेने गप्प बसावं. मुलांना भांडू द्यावं.

“पण मॅडम, ही सांचीची नक्कलच झाली ना?”

“नक्कल असती तर आत जागा ठेवली असती का?”

कलेतिहास सुरू होतो तो या दुसऱ्या वाक्यापासून, असं आम्हाला मनापासून वाटतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये वस्तुचित्र होतं, स्मरणचित्र होतं, संकल्पचित्र होतं. हात छान तयार होतो. डोळ्यांनाही तेवढीच तालीम हवी.

[दृश्य: रामटेकची टेकडी]

त्यासाठी फार लांब जायला नको. रामटेकला पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं केवल नरसिंहाचं देऊळ आहे. मूर्ती बसलेली, आणि समोर हिरण्यकशिपू नाही. कथेतला सगळा संहार वगळून शिल्पकाराने काय ठेवलं, यावर एक अख्खा तास सहज जातो.

[दृश्य: मध्यवर्ती संग्रहालय, शिल्पदालन]

आणि अजब बंगला, म्हणजेच हे मध्यवर्ती संग्रहालय, तर 1863 पासून शहरातच आहे. इथला धडा असा: एक अनोळखी मूर्ती निवडायची, खालची पाटी कागदाने झाकायची. दगड कुठला, मुकुट कसा, हातात काय, उभं राहण्याची ढब कोणती, हे आधी वहीत उतरवायचं. मग काळाचा अंदाज बांधायचा आणि प्रत्येक अंदाजाशेजारी त्याचा पुरावा लिहायचा. अंदाज चुकला तरी चालेल. पुरावा नसेल, तर मात्र पुन्हा मूर्तीसमोर उभं राहायचं.