दीडशे डॉलरची वर्गणी आणि सत्त्याहत्तर मते

मित्रहो, अमेरिकेतील निवडणुकांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा राष्ट्राध्यक्षपदाविषयी. आज मी तिथल्या एका काउंटीच्या निवडणुकीविषयी बोलणार आहे, कारण निवडणुकीत पैसा कुठून येतो आणि त्यामुळे उमेदवार कोणाच्या दारात जातो, हा मला अनेक वर्षे सतावणारा प्रश्न मला तिथे अगदी जवळून पाहायला मिळाला.

ही काउंटी म्हणजे मेरीलँड राज्यातील मॉन्टगोमेरी. वॉशिंग्टन शहराच्या उत्तरेला ती लागूनच आहे, २०२०च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या वर आहे आणि तिचा कारभार रॉकव्हिल या गावातून चालतो. सोयीसाठी काउंटीला आपण जिल्हा म्हणू, पण आपल्या जिल्ह्याचा कारभार जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हा परिषद यांच्यात वाटलेला असतो, तर तिथे पोलीस, अग्निशमन दल, शहर बससेवा, ग्रंथालये, सार्वजनिक आरोग्य, इतकेच काय, दारूचा घाऊक व्यापारसुद्धा काउंटी सरकारच पाहते. या सरकारच्या प्रमुखाला काउंटी एक्झिक्युटिव्ह म्हणतात. आपल्या जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्यांमधून निवडला जातो. तिथला प्रमुख मात्र दर चार वर्षांनी थेट मतदारांकडून निवडला जातो आणि म्हणूनच त्याला दहा लाख लोकांपुढे जाऊन प्रचार करावा लागतो.

२०१८ साली या पदासाठी मार्क एल्रिच उभे राहिले. त्यांची वाटचाल थोडी सांगायला हवी. याच काउंटीतील टाकोमा पार्क हे एक लहानसे शहर. जे रहिवासी अजून अमेरिकेचे नागरिक झालेले नाहीत, त्यांनाही शहराच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क या शहराने १९९०च्या दशकाच्या आरंभी दिला आणि पुढे २०१३ मध्ये मतदानाचे वय सोळा वर्षांपर्यंत खाली आणले. या शहराच्या नगर परिषदेवर एल्रिच १९८७ पासून जवळपास दोन दशके होते. पोटापाण्याचा व्यवसाय शिक्षकाचा. रोलिंग टेरेस या प्राथमिक शाळेत त्यांनी सतरा वर्षे मुलांना शिकवले. काउंटीच्या परिषदेवर, म्हणजे तिच्या निर्वाचित सभागृहावर, जाण्याच्या प्रयत्नांत त्यांच्या वाट्याला पराभवही आला आणि २००६ साली ते अखेर निवडून आले. म्हणजे प्रमुखपदासाठी अर्ज भरताना त्यांच्यामागे स्थानिक कारभाराची तीस वर्षे होती.

ही संधी त्यांना मिळाली कशी, हेही समजून घेण्यासारखे आहे. २०१६च्या मे महिन्यात काउंटी परिषदेने मालमत्ता कर ८.७ टक्क्यांनी वाढवला. लोक संतापले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सलग तीन मुदतींनंतर पद सोडावे लागेल अशी काउंटीच्या स्वतःच्या घटनेतील दुरुस्ती मतदानासाठी आली आणि जवळपास सत्तर टक्के मतदारांनी ती मंजूर केली. त्यामुळे नऊपैकी चार परिषद सदस्यांना पुन्हा त्याच जागेवर उभे राहता येईना, आणि बारा वर्षे प्रमुखपद सांभाळलेले आयझाया लेगेट हेही निवृत्त होत होते. ज्या चौघांची जागा गेली, ते चौघेही प्रमुखपदासाठी मैदानात उतरले: मार्क एल्रिच, रॉजर बर्लिनर आणि जॉर्ज लेव्हेन्थाल डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, आणि नॅन्सी फ्लोरीन नंतर अपक्ष म्हणून. मतदारांना ज्यांना बाहेर काढायचे होते, त्यांच्यापैकीच एकाच्या हाती त्यांनी पुढे काउंटीची सूत्रे दिली, आणि मला यात विसंगती दिसत नाही. एका खुर्चीवर फार काळ बसू नये असे म्हणणे वेगळे आणि अनुभव असलेला माणूस नको असे म्हणणे वेगळे.

प्राथमिक निवडणुकीत पक्षाचे नोंदणीकृत मतदारच आपला उमेदवार ठरवतात. मॉन्टगोमेरीत डेमोक्रॅटिक पक्षाचे प्राबल्य इतके आहे की खरी लढत तिथेच होते. त्या वर्षी सहा उमेदवार होते. एल्रिच यांच्यापुढचे मोठे आव्हान डेव्हिड ब्लेअर यांचे होते. ब्लेअर यशस्वी उद्योजक. औषध-विम्याचे व्यवहार सांभाळणारी मोठी कंपनी त्यांनी रॉकव्हिलमध्ये उभी केली होती. वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकाने त्यांना पाठिंबा दिला आणि स्वतःच्या संपत्तीतून काही दशलक्ष डॉलर त्यांनी प्रचारावर खर्च केले. यात बेकायदा काहीच नव्हते. अमेरिकेत स्वतःचा पैसा स्वतःच्या प्रचारात घालण्यावर मर्यादा नाही.

एल्रिच यांनी मात्र काउंटीने २०१४ मध्ये केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रथमच अमलात आलेल्या एका कायद्याचा आधार घेतला. हा कायदा मी तपशिलाने सांगतो, कारण माझ्या मते या साऱ्या कथेचा गाभा तोच आहे. जो उमेदवार स्वेच्छेने या योजनेत येतो, त्याला २०१८ मध्ये कोणा एका व्यक्तीकडून जास्तीत जास्त दीडशे डॉलर घेता येत होते. कंपन्यांची, संघटनांची, बांधकाम व्यावसायिकांच्या संस्थांची वर्गणी त्याला पूर्णपणे बंद. त्या बदल्यात काउंटीतील रहिवाशाने दिलेल्या वर्गणीत सार्वजनिक तिजोरी भर घालते. प्रमुखपदाच्या उमेदवाराला पहिल्या पन्नास डॉलरमागे प्रत्येक डॉलरला सहा डॉलर, पुढच्या पन्नासमागे चार आणि शेवटच्या पन्नासमागे दोन. म्हणजे एखाद्या निवृत्त शिक्षिकेने पन्नास डॉलरचा धनादेश लिहिला, तर उमेदवाराच्या खात्यात साडेतीनशे जमा होतात. तिने दीडशे दिले तर साडेसातशे. पहिल्या पन्नासाला सर्वांत जास्त भाव का दिला, हे उघड आहे. कायद्याला एका माणसाचे दीडशे डॉलर नको आहेत, तीन माणसांचे पन्नास-पन्नास हवे आहेत.

या योजनेस पात्र ठरण्यासाठी प्रमुखपदाच्या उमेदवाराला आधी किमान पाचशे रहिवाशांकडून मिळून चाळीस हजार डॉलर गोळा करून दाखवावे लागतात. प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता आणि सहीची पावती लागते. सार्वजनिक निधीला तेव्हा एका निवडणुकीपुरती साडेसात लाख डॉलरची कमाल मर्यादा होती.

आता हे कागदावरचे आकडे बाजूला ठेवून उमेदवाराच्या दिवसाचा विचार करा. ज्याला मोठ्या देणग्या घ्यायच्या आहेत, त्याची संध्याकाळ पाच-सहा श्रीमंत माणसांच्या घरी किंवा कचेरीत जाते आणि तिथे त्याच्या कानावर त्यांच्याच अडचणी पडतात: अमुक भूखंडाचा परवाना, तमुक कराची सवलत. ज्याला पन्नास डॉलर देणारे शेकडो लोक हवे आहेत, त्याला एखाद्या घराच्या दिवाणखान्यात पंधरा-वीस शेजाऱ्यांसमोर उभे राहावे लागते. तिथे कोणी विचारतो की शाळेत वर्गांसाठी तात्पुरत्या खोल्या किती वर्षे राहणार. कोणी म्हणतो की बस वेळेवर येत नाही. कोणी घरभाड्याची तक्रार करतो. सभा संपल्यावर टेबलावर पावत्यांचे कागद असतात आणि लोक पत्ता लिहून सही करतात. वर्गणी आणि प्रश्न एकाच माणसाकडून येतात. कायद्याने उमेदवाराला चांगले वागायला सांगितले नाही. त्याने फक्त त्याची संध्याकाळ कुठे जाईल ते बदलले.

सार्वजनिक पैशातून उमेदवारांना मदत करणे ही उधळपट्टी आहे, असा आक्षेप तिथेही घेतला जातो आणि इथेही घेतला जाईल. मला तो पटत नाही. निवडणुकीचा खर्च कोणीतरी करतोच, आणि जो करतो तो पुढे परतफेडीची अपेक्षा ठेवतो. मग तो खर्च सर्वांनी मिळून केलेला बरा.

२६ जून २०१८ रोजी मतदान झाले. फेरमोजणीनंतरचा निकाल असा: एल्रिच ३७,५३२, ब्लेअर ३७,४५५. फरक सत्त्याहत्तर मतांचा. एका प्राथमिक शाळेतील तीन वर्गांत मावतील इतकी ही माणसे. इथे एक गोष्ट मला दडवायची नाही. सहा उमेदवारांत मते विभागल्यामुळे एल्रिच यांना पक्षाच्या मतदारांपैकी सुमारे २९ टक्क्यांचाच पाठिंबा मिळाला होता. उरलेल्यांची पहिली पसंती दुसऱ्या कोणाला होती. पसंतिक्रमाने मतदान असते तर निकाल काय लागला असता, हा प्रश्न रास्त आहे, आणि वर्गणीचा कायदा कितीही चांगला असला तरी तो त्याचे उत्तर देत नाही. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र जवळपास दोन तृतीयांश मतांनी ते निवडून आले.

आणखी एक अडचण सांगायला हवी. एल्रिच यांच्या प्रचाराचा मोठा भाग बांधकाम आणि वाढ यांविषयी होता: रस्ते आणि शाळा पुरतील इतकीच नवी घरे व्हावीत, जुन्या भाडेकरूंना हुसकावले जाऊ नये. पण जमिनीच्या वापराचा अंतिम अधिकार तिथे प्रमुखाकडे नसून परिषदेकडे आणि नियोजन मंडळाकडे आहे. शाळांचे मंडळही वेगळे निवडले जाते, जरी काउंटीच्या अंदाजपत्रकाचा जवळपास निम्मा भाग शाळांवर जातो. प्रमुख दरवर्षी १५ मार्चपर्यंत अंदाजपत्रक मांडतो, पण ते मंजूर करते परिषद. ज्या प्रश्नांवर मते मागितली, त्यांतले कळीचे अधिकार दुसऱ्याच्या हाती, ही स्थिती आपल्या सरपंचांना नवी वाटणार नाही.

याच काउंटीतून १९९० साली कुमार बर्वे मेरीलँडच्या विधिमंडळावर निवडून गेले. अमेरिकेतील कोणत्याही राज्य विधिमंडळात निवडून आलेले ते भारतीय वंशाचे पहिले सदस्य, आणि पुढे सभागृहातील बहुमताचे नेतेही झाले. तेव्हा आपल्या माणसांना ही भूमी परकी नाही.

२०२२ मध्ये एल्रिच आणि ब्लेअर पुन्हा समोरासमोर आले. १९ जुलैच्या रात्री ब्लेअर पुढे होते. पण टपालाने आलेल्या मतपत्रिका मतदानाच्या दिवसानंतरच उघडण्याचा तेव्हाचा नियम होता, आणि त्या हजारोंनी आल्या होत्या. मोजणी करणारे जोडीजोडीने बसत, दोघे वेगवेगळ्या पक्षांचे. पाकीट उघडण्यापूर्वी त्यावरच्या शपथपत्राखाली सही आहे का हे पाहत. सही नसेल तर पाकीट बाजूला ठेवून त्या मतदाराला कळवले जाई. दिवसेंदिवस हे चालले. आघाडी कमी होत गेली, मग फिरली. पहिल्या मोजणीअखेर एल्रिच पस्तीस मतांनी पुढे होते. ब्लेअर यांनी फेरमोजणी मागितली आणि ती झाल्यावर फरक बत्तीसवर आला: ५५,५०४ विरुद्ध ५५,४७२. एक लाखाहून अधिक मतांत फेरमोजणीने फरक पडला तो तीन मतांचा, आणि ब्लेअर यांनी तो निकाल मान्य केला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉन्टगोमेरीच्या मतदारांनी आणखी एक दुरुस्ती मंजूर केली आणि प्रमुखाची मर्यादा तीनऐवजी सलग दोन मुदतींवर आणली. त्यामुळे २०२६च्या निवडणुकीत एल्रिच यांना या पदासाठी उभे राहता येत नाही. वर्गणीच्या पावत्या घेऊन दिवाणखान्यांत जाण्याची पाळी आता दुसऱ्या उमेदवारांची आहे.