सिमेंट कालवणारे फॅन

तर बघा, बर्लिन म्हटलं की फुटबॉलवाल्यांना आधी हर्था हा क्लब आठवतो, पण मला आज बोलायचंय ते युनियन बर्लिनबद्दल. शहराच्या पूर्वेला क्योपेनिक म्हणून भाग आहे, तिथं झाडीत यांचं मैदान, 1920 पासूनचं. नाव 'आन देअर आल्टन फ्योर्स्टेराय', म्हणजे जुन्या वनखात्याच्या घराजवळचं, आणि ते घर खरंच शेजारी आहे. क्लब आजच्या रूपात 1966 साली सुरू झाला, मुळं मात्र त्याआधीची, आजूबाजूच्या कारखान्यांतल्या कामगारांची टीम, म्हणून अजूनही स्टँडमधून 'आयझर्न उनियोन' असं ओरडतात, लोखंडी युनियन.

पूर्व जर्मनीच्या काळात यांचा वैरी म्हणजे बीएफसी डायनामो. त्याच्या पाठीशी स्टासी, म्हणजे गुप्तहेर खातं, आणि खात्याचा प्रमुख मिल्के स्वतः क्लबचा मोठा माणूस. डायनामोनं 1979 ते 1988 सलग दहा वेळा लीग जिंकली, आता कशी ते तुम्ही समजून घ्या. युनियनच्या कपाटात तेव्हाचा एकच मोठा कप, 1968 चा.

भिंत पडली, पण पैसा काही आला नाही. 2004 ला लीगमध्ये खेळायच्या लायसन्ससाठीच पैसे नव्हते तेव्हा फॅन लोकांनी रक्तदान केलं आणि त्याचे मिळालेले पैसे क्लबला दिले. तिकडे रक्त दिलं की थोडे पैसे मिळतात, आपल्यासारखं चहा-बिस्किट नाही.

आता मुख्य गोष्ट. 2008 पर्यंत मैदानाची पार दुर्दशा झालेली, उभं राहायच्या पायऱ्या फुटलेल्या, त्यात गवत उगवलेलं, मोठ्या लीगचे नियम पाळायचे तर सगळं नव्यानं करायला हवं आणि सरकारकडून काही मिळेना. मग दोन हजारांहून जास्त माणसं स्वतः कामाला आली, कोणी नोकरीवर रजा टाकून, कोणी रिटायर झालेले, कोणी आयुष्यात घमेलं न उचललेले, आणि त्यांनी मिळून जवळपास 1 लाख 40 हजार तास फुकट काम केलं. पायऱ्या तोडल्या, काँक्रीट ओतलं, रेलिंग बसवलं. हौशी काम म्हणून कसंही नाही हां, साइटवर जाणते लोक होते, डोक्यावर लाल हेल्मेट. त्या हेल्मेटचं स्मारकच आहे आता स्टेडियमबाहेर. आणि गंमत म्हणजे तो अख्खा सीझन टीम खेळली यान-स्पोर्टपार्कमध्ये, म्हणजे एकेकाळच्या डायनामोच्या मैदानात, आणि तिथंच तिसऱ्या लीगचं विजेतेपद मिळवलं! 2009 ला घरी परतले तेव्हा पहिली मॅच हर्थाशी, मैत्रीची.

आज तिथं 22,012 माणसं मावतात आणि त्यात खुर्च्या फक्त 3,617, बाकी सगळे उभे. नव्वद मिनिटं. मला विचाराल तर हेच बरोबर, खुर्ची मिळाली की माणूस परीक्षकासारखा बसतो. इथं आपल्या प्लेयरला शिट्ट्या मारून हिणवायचं नाही हा अलिखित नियम, कितीही भिकार खेळला तरी.

2011 ला क्लबनं स्टेडियमचे शेअर मेंबरांना विकले, 500 युरोला एक. बाहेरचा कोणी शेठ येऊन मैदान उचलून नेऊ नये, हा त्यामागचा हिशोब.

2019 ला प्लेऑफमध्ये स्टुटगार्टला अडवून पहिल्यांदा बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आले. पहिलीच मॅच घरी, लाइपझिगविरुद्ध. लोकांनी काय केलं, तर हा दिवस बघायच्या आत गेलेल्या आपल्या माणसांचे मोठे फोटो हातात धरून उभे राहिले. बापाचा, मित्राचा. मॅच 4-0 नं हरले, पण लक्षात राहिले ते फोटो.

पुढं चारच वर्षांत, 2023 ला, थेट चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा. आणि इथं पेच पडला बघा. मेंबर इतके वाढले की घरच्या मैदानात मावेनात, म्हणून त्या मॅचेस ऑलिंपियास्टेडियममध्ये नेल्या, म्हणजे हर्थाच्या घरी, 70 हजारांपुढं. तिथं ब्रागा, नापोली आणि रेआल माद्रिद आले, आणि युनियन तिन्ही मॅचेस हरले. काही फॅन आजही म्हणतात की आपल्या पायऱ्यांवर खेळलो असतो तर ब्रागाविरुद्धची 2-0 ची आघाडी गेली नसती. मला ते पटत नाही, तिसरा गोल शेवटच्या मिनिटांत खाल्ला तो डिफेन्सच्या चुकीनं, जागेच्या नाही.